तालुक्याच्या गावात पर्यायी संस्कृतीचे युवा मंडळ: नोंदणी, निधी आणि कार्यक्रम यांचा मेळ कसा घालावा?

कृष्णाकाठ:

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आम्ही काही तरुण-तरुणी मिळून पर्यायी संस्कृतीचे, म्हणजे रूढ उत्सव-रिवाजांना पर्याय शोधणारे, एक मंडळ चालवतो. मंडळ म्हटले की आमच्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर गणपती, डॉल्बी आणि वर्गणीचे पावतीपुस्तक एवढेच येते. त्यामुळे आम्ही नेमके काय करतो, हे दर वेळी पहिल्यापासून सांगावे लागते. दर शनिवारी संध्याकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आमची बैठक होते. तेथे एखाद्या पुस्तकावर किंवा चित्रपटावर चर्चा होते, गाण्यांची तालीम होते आणि एस.टी. स्थानकाजवळ लावायच्या भित्तिपत्रकाचा मजकूर ठरतो. होळीला आम्ही गल्लीगल्लीतून पुरणपोळ्या गोळा करतो आणि त्या ऊसतोड मजुरांच्या खोप्यांवर नेऊन देतो. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे पैसे रखडले तेव्हा आम्ही निवेदन देऊन थांबलो नाही, कचेरीसमोर पथनाट्य केले, आणि निवेदनापेक्षा त्याचीच चर्चा गावात अधिक झाली.

आता अडचण अशी आहे की गावातील एका वजनदार पुढाऱ्याने आम्हाला सभागृह, ध्वनिवर्धक आणि वर्षभराच्या खर्चाची रक्कम देऊ केली आहे. अट कोणतीही घातलेली नाही, फक्त फलकावर छायाचित्र असावे एवढे सुचवले आहे. आमच्यातील काहींना वाटते की पैसे घ्यावेत आणि काम वाढवावे. काहींचे म्हणणे असे की आधी संस्थेची रीतसर नोंदणी करावी, म्हणजे कोणाच्या उपकारावर राहावे लागणार नाही. तिसरा गट म्हणतो की नोंदणी झाली की अध्यक्ष, सचिव आणि खुर्च्या आल्या, आणि मग चळवळ संपली. याखेरीज दर वर्षी जून उजाडला की आमचे चांगले कार्यकर्ते शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्याला जातात आणि मंडळाची घडी पुन्हा नव्याने बसवावी लागते. आधीच्या पिढ्यांनी हे प्रश्न कसे सोडवले, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

जुना कलापथकी:

आपला प्रश्न वाचून आनंद झाला. माझे तरुणपण राष्ट्र सेवा दल या समाजवादी विचारांच्या युवक संघटनेत गेले, त्यामुळे त्या अनुभवाच्या आधारे लिहितो.

सेवा दलाची उभारणी ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली. एस. एम. जोशी, ना. ग. गोरे, शिरूभाऊ लिमये ही मंडळी त्यामागे होती आणि साने गुरुजींचे नाव तर त्या कामाशी कायमचे जोडले गेले. बाहेरच्या लोकांना सेवा दल म्हटले की त्याचे कलापथक, म्हणजे गाणी-नाटके करणारे पथक, आठवते, कारण वसंत बापटांची गाणी, लीलाधर हेगडे यांचा आवाज आणि निळू फुले यांच्यासारखे पुढे नावारूपाला आलेले नट तेथूनच आले. पु. ल. देशपांडे यांनीही कलापथकासाठी वगनाट्य लिहिले. परंतु कलापथक उभे राहिले ते शाखेवर, ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या वेळी, पाऊस असो की परीक्षा असो, मुलामुलींनी एकत्र जमायचे, खेळायचे, समूहगीत म्हणायचे आणि एखाद्या विषयावर बौद्धिक ऐकायचे. त्या काळी मुलगे आणि मुली एकाच मैदानावर एकत्र खेळतात हीच गावात केवढी खळबळ होती. भाषणांतून समतेविषयी जे सांगायचे, ते आधी त्या मैदानावर रोज घडत असे.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की आपली शनिवारची बैठक हीच आपली खरी संस्था आहे, आणि सभागृह मिळाले काय नाही मिळाले काय, ती चुकता कामा नये. वर्षातून एकदा भव्य महोत्सव घेऊन दमून जाणारी मंडळे मी पुष्कळ पाहिली आहेत. महोत्सवानंतर दोन-चार महिने कोणी कोणाला भेटत नाही, आणि मग पुढच्या महोत्सवाच्या वर्गणीसाठीच सगळे एकत्र येतात.

दुसरी गोष्ट गाणे आणि आंदोलन यांच्या नात्याची आहे. साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषण सुरू केले आणि ते १० मे रोजी सुटले, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. पण त्याच्या आधी गुरुजी कित्येक महिने महाराष्ट्रभर फिरत होते आणि त्या दौऱ्यात सेवा दलाचे कलापथक त्यांच्याबरोबर होते. ज्या गावात सायंकाळी गाणी आणि मेळा झाला, त्या गावात गुरुजींचे बोलणे ऐकायला आलेली माणसे मोकळ्या मनाने बसलेली असत. आपण पथनाट्य केले ते योग्यच केले. परंतु कचेरीसमोरच्या पथनाट्याच्या आधी त्याच विषयावरचे गाणे गल्लीगल्लीत म्हटले गेले असते, तर त्या दिवशी पाहायला आलेले लोक नुसते प्रेक्षक राहिले नसते, असे मला वाटते.

पुढाऱ्याच्या छायाचित्राविषयी एवढेच सांगतो की छायाचित्र लागले की पुढच्या निवडणुकीत आपण कोणाचे, हे गाव ठरवून टाकते, आणि गावाने एकदा ठरवलेले पुसून काढणे फार कठीण असते.

डफतुणतुणे:

वरील प्रतिसाद चांगला आहे, पण चित्र एकाच बाजूने रंगवलेले आहे. सेवा दलाविषयी आदर राखून सांगतो की पर्यायी संस्कृतीचा इतिहास १९४१ साली पुण्यात सुरू होत नाही, आणि सांगली जिल्ह्यातील माणसाला तर तो शोधायला पुण्याला जाण्याचे काही कारणच नाही.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीवाचून पहिला सत्यशोधक विवाह लागला. पर्यायी संस्कृती असे आपण ज्याला म्हणतो ती महाराष्ट्रात अशी लग्नाच्या मांडवातून आली. पुढे सत्यशोधकांचे जलसे, म्हणजे गाणी आणि संवाद यांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, निघाले, त्यानंतर आंबेडकरी जलसे निघाले, आणि त्यांनी तमाशाचीच चौकट घेऊन तिच्यातला माल बदलला. आपल्याच जिल्ह्यात, वाळवा तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांनी काय केले ते पाहा. तमाशा सुरू होतो गणाने, म्हणजे गणपतीच्या वंदनाने, आणि मग येते गौळण. अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण त्यातले वंदन मायभूमीला आणि लढवय्यांना केले, आणि गौळण काढून टाकली. समोर बसलेल्या गिरणी कामगाराला ढोलकीचा ठेका ओळखीचा वाटत होता, झीलकऱ्यांची झील, म्हणजे मागच्या साथीदारांनी धरलेला सूर, ओळखीची होती, आणि त्या ओळखीच्या सुरावर त्याला सावकार, मालक आणि उपाशी पोट यांची गोष्ट ऐकायला मिळत होती. अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात याच शाहिरांनी मैदाने गाजवली.

प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध गावोगावी चाललेल्या समांतर सरकारच्या, काळातले उदाहरण तर तुमच्या दाराशी आहे. १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांच्या प्रतिसरकारने न्यायनिवाडे केले आणि तुफान सेनेत तरुणांना तयार केले, हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याच माणसांनी हुंडा, मानपान आणि कर्जबाजारी करणारे लग्न यांना फाटा देऊन गांधी विवाह लावले, हे मात्र सांगावे लागते. एका हाताने सरकारशी लढायचे आणि दुसऱ्या हाताने घरातली रीत बदलायची, अशी ती पद्धत होती.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पर्यायी म्हणजे कोणाला पर्याय, आणि तो पर्याय ठरवतो कोण? ज्या वसंत बापटांचा उल्लेख वर आला, ते १९९९ साली मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी, त्याच शहरात, धारावीत पहिले विद्रोही साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष बाबुराव बागूल होते. बापट वाईट होते असे मला अजिबात म्हणायचे नाही. मला म्हणायचे ते एवढेच की एका पिढीचा पर्याय पुढच्या पिढीला प्रस्थापित वाटू लागतो, आणि तसा तो वाटू लागला की नवी माणसे आपला मांडव वेगळा घालतात. १९६० नंतरच्या लघु-अनियतकालिकवाल्यांनी तेच केले. प्रकाशक छापत नाही ना, मग चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढा आणि हातोहात वाटा, असा त्यांचा खाक्या होता. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिच्यातले नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे आधी लिहिणारे होते, आणि लिहिणे व रस्त्यावर उतरणे यांत त्यांनी फारकत केली नाही.

म्हणून धागाकर्त्यांना मी तीन गोष्टी विचारतो. आपल्या मंडळात गावठाणातील किती आणि वस्त्यांमधील किती? गाण्यांना हलगी कोण वाजवते, आणि तो सदस्य आहे की फक्त वाजवायला बोलावलेला? होळीच्या पोळ्या खोप्यांवर नेता, त्या खोप्यांमधील एखादा मुलगा कधी तुमच्या शनिवारच्या बैठकीत येऊन बसला आहे काय?

निधीबाबत एक पद्धत आवर्जून सांगतो. विद्रोही संमेलनांसाठी घरोघर फिरून एक मूठ धान्य आणि एक रुपया असे मागितले गेले. त्यातून किती जमते हे महत्त्वाचे नाही. ज्या घराने मूठभर ज्वारी दिली त्या घरातले माणूस कार्यक्रमाला येतेच, आणि ते पाहुणे म्हणून येत नाही, यजमान म्हणून येते.

हिशेबनीस:

संस्थांचे हिशेब तपासणे हा माझा व्यवसाय असल्याने मी कोरडी माहिती देतो, कारण भावनेच्या भरात हीच बाजू राहून जाते.

महाराष्ट्रात अशा मंडळांची नोंदणी सर्वसाधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्ही कायद्यांखाली धर्मादाय कार्यालयात होते. किमान सात सज्ञान व्यक्ती लागतात, उद्देशपत्रिका आणि नियमावली लागते, म्हणजे आपण ज्याला संस्थेची घटना म्हणतो ती. आपल्या मंडळातील अठरा वर्षांखालील मुले त्या सात जणांत येऊ शकत नाहीत. नोंदणीनंतर दर वर्षी हिशेबतपासणी करून अहवाल दाखल करावा लागतो, आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा लागतो, ज्याला सगळे जण चेंज रिपोर्ट म्हणतात.

माझ्या पाहण्यातील बहुतेक लहान संस्थांचे मरण या चेंज रिपोर्टमध्ये असते. मुले पुण्याला जातात, नवी कार्यकारिणी कागदावर येत नाही, जुन्या सचिवाची सही बँकेत चालू राहते, आणि काही वर्षांनी दोन गट आपणच खरे विश्वस्त असे म्हणत कचेरीच्या पायऱ्या चढू लागतात. आपल्याकडे दर जूनमध्ये माणसे बदलतात असे आपणच लिहिले आहे. तेव्हा नोंदणी केलीच तर घटनेतच अशी तरतूद करा की कार्यकारिणीतील निम्म्या व्यक्ती गावात कायम राहणाऱ्या असतील. यात शिक्षिका, दुकानदार, ग्रंथपाल अशी माणसे घ्या. त्यांना गाता येत नसले तरी चालेल, सही वेळेवर करता आली पाहिजे.

नोंदणी नसल्यास बँका संस्थेच्या नावाने खाते उघडायला सहसा तयार होत नाहीत. मग पैसा कोणाच्या तरी व्यक्तिगत खात्यावर जमा होतो आणि वादाला तेथून तोंड फुटते. नोंदणी आज करा किंवा पुढे करा, पण हिशेबाची वही आजच सुरू करा. क्रमांक घातलेले पावतीपुस्तक ठेवा, खर्चाच्या प्रत्येक कागदावर दोघांच्या सह्या घ्या आणि महिन्यातून एका शनिवारी वही मोठ्याने वाचून दाखवा. परदेशातील स्नेह्यांकडून देणगी येण्याचा संभव असेल तर तिचा कायदा वेगळा आणि कडक आहे. त्या परवानगीशिवाय एक रुपयाही स्वीकारू नका, मग देणारा सख्खा मित्र का असेना.

कार्यक्रमांपुरते सांगायचे तर नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून प्रमाणित करून घ्यावी लागते, चौकातल्या कार्यक्रमासाठी पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्यावा, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. अर्जाच्या प्रतीवर पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नये.

सायंतारा:

मी छात्र युवा संघर्ष वाहिनीत होते, म्हणून कार्यकर्ते बदलत राहण्याच्या प्रश्नाविषयी लिहिते. जयप्रकाश नारायण यांनी १ जानेवारी १९७५ रोजी ही तरुणांची संघटना स्थापन केली. तिच्यात दोन नियम असे होते की आज ऐकणाऱ्यांना आश्चर्य वाटते. सदस्य कोणत्याही पक्षाचा नसावा हा एक, आणि वयाची तिशी पूर्ण झाली की वाहिनी सोडावी हा दुसरा. तिशीच्या नियमामुळे सतत नव्या माणसांना पुढे यावे लागे, आणि मीच संस्थापक, मीच अध्यक्ष असा प्रकार वाढत नसे. त्याची किंमतही मोठी होती, कारण माणूस कोठे कामाला जुंपून तयार होतो न होतो तोच त्याने बाहेर पडायचे. बाहेर पडलेल्यांनी पुढे निरनिराळ्या संघटना काढल्या आणि त्यांतले काही अजून काम करतात, पण वाहिनीच्या हाती तो अनुभव राहिला नाही.

त्यामुळे तुमच्याकडची जूनमधली गळती हा मला केवळ दोष वाटत नाही. जे पुण्याला जातात त्यांनी तेथे राहून करता येईल असे एक ठरावीक काम त्यांच्याकडे द्या. भित्तिपत्रकाचा मजकूर जमवणे, पुस्तके मिळवून पाठवणे, चर्चेसाठी वक्ता ठरवणे ही कामे दुरून होतात. शनिवारची बैठक मात्र गावात राहिलेल्यांनीच चालवावी. पुण्याहून फोनवर गावच्या बैठकीचे निर्णय घेणारे ज्येष्ठ मित्र हा एक नवाच रोग आहे आणि त्याला वेळीच आवर घालावा.

आता ज्या गोष्टीविषयी वर कोणीच लिहिले नाही तिच्याविषयी. बिहारमधील बोधगयेच्या मठाच्या ताब्यात हजारो एकर जमीन होती आणि ती कसणाऱ्या भूमिहीनांचा लढा १९७८ पासून वाहिनीने उभा केला. त्या लढ्यात स्त्रिया पुढे होत्या, मार खाण्यात होत्या, तुरुंगात होत्या. जमिनी मिळण्याची वेळ आली तेव्हा पट्टा, म्हणजे जमिनीच्या हक्काचा कागद, पुरुषाच्या नावाने निघणार, हे सगळ्यांनी गृहीत धरले होते. त्या वेळी मुसहर या भूमिहीन दलित जातीतील स्त्रियांनी विचारले की आम्ही लढलो तर जमीन आमच्या नावावर का नको, आणि वाहिनीतील मुलींनी तो प्रश्न संघटनेत लावून धरला. बराच वाद झाला, आणि अखेर कित्येक पट्टे स्त्रियांच्या नावाने झाले. संघटना पुरोगामी आहे म्हणून तिच्यात हे आपोआप होते, असे समजू नये.

कृष्णाकाठ, तुम्ही तरुण-तरुणी असे लिहिले आहे. तुमच्या पथनाट्यात मुलींना कोणती पात्रे मिळतात ते एकदा पाहा. हुंडाबळी, रडणारी आई आणि छेड काढली जाणारी विद्यार्थिनी याच भूमिका त्यांच्याकडे येत असतील आणि सूत्रधार दर वेळी मुलगाच असेल, तर संहिता कितीही जळजळीत असली तरी पाहणाऱ्यांना जे दिसायचे ते दिसतेच. बैठकीची वेळ संध्याकाळची आहे. वाड्या-वस्त्यांवर जाणारी शेवटची एस.टी. किती वाजता सुटते याचा विचार ती ठरवताना झाला होता काय? आमच्या वेळी आम्ही रविवारी दुपारी तालीम ठेवली आणि मुलींच्या घरी जाऊन आईशी बोलून आलो, तेव्हा कोठे मुलींची संख्या वाढली. आईशी, असे मुद्दाम लिहिते. वडिलांची परवानगी मग तीच मिळवते.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो.

आमचे बहुतेक सदस्य गावठाणातील आणि महाविद्यालयाच्या परिसरातील आहेत. वस्तीतून येणारे थोडे आहेत. हलगी वाजवणारा मुलगा सदस्य आहे, पण चर्चेच्या वेळी तो फारसा बोलत नाही. या शनिवारी त्याने मला सांगितले की पुस्तकावरची चर्चा सुरू झाली की आपले काही काम नाही असे त्याला वाटते, आणि गाण्यांच्या चाली मात्र सगळ्या त्यानेच बसवलेल्या असतात. ऊसतोड मजुरांची मुले बैठकीला आलेली नाहीत. ती गळीत हंगामापुरतीच असतात आणि त्यांतली बरीच शाळेलाही जात नाहीत. येत्या हंगामात बैठक खोप्यांवरच घ्यावी, अशी सूचना सायंतारा यांचा प्रतिसाद वाचून आमच्यातल्याच एका मुलीने केली आहे. सूत्रधाराचे काम आजवर मुलांनीच केले, हेही खरे आहे. वेळ बदलून रविवारी दुपारची करण्यावर एकमत झाले.

पुढाऱ्याच्या देणगीवर मात्र एकमत नाही. काहींचे म्हणणे असे की सभागृह नाकारले तर पावसाळ्यात बसायचे कोठे, आणि तोच पुढारी वाचनालयाच्या समितीवरही असल्याने मागची खोलीही जाऊ शकते. ही भीती अनाठायी आहे असे मला म्हणता येत नाही.

येरळेचे पाणी:

मी खानापूर तालुक्यातला. जागेची आणि पैशाची अडचण ऐकून आमच्याकडचे एक उदाहरण आठवले. बलवडी आणि तांदूळवाडीच्या शेतकऱ्यांनी येरळा नदीवर बळीराजा स्मृती धरण बांधले, ती १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट आहे. दुष्काळ होता, मुंबईच्या गिरण्यांचा १९८२ चा संप होऊन गेला होता, आणि गावी परतलेल्या कामगारांना लढ्याची सवय होती. नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. गावाने म्हटले की वाळू आमची आहे, आम्ही थोडी विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. वाळूच्या पैशाला पुण्या-मुंबईच्या स्नेह्यांनी बिनव्याजी रकमांची जोड दिली आणि विद्यार्थ्यांनी श्रमदान केले. पाणी वाटायची वेळ आली तेव्हा ते जमिनीच्या प्रमाणात न वाटता कुटुंबाच्या प्रमाणात वाटावे आणि भूमिहीनांनाही त्यात वाटा असावा, हे तत्त्व धरले गेले. हे सगळे सभा, गाणी, नाटके आणि विज्ञानाचे कार्यक्रम यांच्या साथीने झाले.

धरणापुढे खोलीचा प्रश्न लहान आहे. पावसाळ्यात बसायला समाजमंदिर आहे, शाळेचा व्हरांडा आहे, सदस्यांच्या घरची पडवी आहे. आलटून पालटून प्रत्येकाच्या घरी बैठक घ्या. वस्तीवरच्या घरीही घ्या आणि तेथे चहा प्या. आमच्या भागात अजूनही त्या चहाने जेवढे होते तेवढे भाषणाने होत नाही.

जुना कलापथकी:

डफतुणतुणे यांनी घेतलेला आक्षेप मी मान्य करतो, एका दुरुस्तीसह. प्रस्थापित होण्याचा धोका प्रत्येक चळवळीला असतो, आणि तो जलशांना नव्हता किंवा विद्रोही संमेलनांना नाही असे मानण्याचे कारण नाही. जेथे नवे गाणे लिहिले जात नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचेच म्हटले जाते, तेथे तो आलेला असतो. आपल्या हलगीवाल्या मित्राला चाली सुचतात, तर त्याला शब्दही लिहू द्या. पुस्तकाची चर्चा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही याचा अर्थ विषय पोहोचत नाही असा होत नाही. एखाद्या रविवारी पुस्तक बाजूला ठेवून त्यानेच एक चाल कशी बसते ते सगळ्यांना शिकवावे, आणि ज्यांना सगळे कळते त्यांनी त्या दिवशी झील धरावी.

डफतुणतुणे:

पूर्ण सहमत. आणि त्याला बाहेरच्या सुपाऱ्या मिळत असतील तर त्या बुडवायला लावू नका. लग्नसराईत त्याच्या घरची चूल त्यावर चालते. तालमीची वेळ त्याच्याशी बोलून ठरवा.

कृष्णाकाठ:

कालच्या बैठकीत असे ठरले की पुढाऱ्यांना आदराने पत्र द्यायचे. इतर कोणाही गावकऱ्याप्रमाणे त्यांची वर्गणी पावती घेऊन स्वीकारू, वर्गणीला सर्वांसाठी एकच वरची मर्यादा राहील आणि फलकावर छायाचित्र कोणाचेच असणार नाही. पत्र घेऊन दोन मुली आणि हलगीवाला मित्र असे तिघे जाणार आहेत. नोंदणीचा निर्णय आम्ही दिवाळीनंतर घेऊ. तोवर गावातून मूठभर धान्य आणि लहान वर्गणी गोळा करण्याचा विचार आहे. हिशेबनीस, नोंदणी नसताना असे करता येईल काय?

हिशेबनीस:

आपल्या सदस्यांकडून घेतलेल्या वर्गणीला अडचण नाही. सार्वजनिक कामासाठी गावात फिरून पैसा गोळा करायचा असेल, तर गणेशोत्सव मंडळे जशी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी काढतात तशी काढून घ्या. अर्जाबरोबर सदस्यांची ओळखपत्रे, ठरावाची प्रत आणि आधी काही जमा केले असल्यास त्याचा हिशेब लागतो. परवानगी ठरावीक मुदतीची असते, आणि मुदत संपल्यावर जमाखर्च सादर करावा लागतो. धान्याची नोंद वहीत वेगळ्या पानावर, किलोमध्ये ठेवा, आणि विकले तर कोणत्या दराने विकले तेही लिहा. ठरावावर तारीख घालायला विसरू नका. अर्ज सहसा तेवढ्यासाठीच परत येतो.